चिमाआत्याची जोडकॅप

डॉक्टर गोरक्ष गायखे हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालणार. नाशिक रोडला, जेल रोडवर त्याचा दातांचा दवाखाना आहे. हात हलका, बोलणं गोड. रूट कॅनाल असं करतो की पेशंट खुर्चीतच घोरायला लागतो. लॅबमधून बनून आलेली पक्की कॅप बसवावी तर त्यानेच. पण ती पक्की कॅप येईपर्यंत घासलेला दात उघडा पडू नये म्हणून मधल्या दिवसांत जी टेम्पररी कॅप घालतात ना, ती मात्र या गृहस्थाने कधी मन लावून केली नव्हती.

त्याचा तरी काय दोष म्हणा. घराण्याचाच गुण तो. पळसे गावच्या या गायख्यांच्या घरात एकदा ‘तात्पुरतं’ म्हटलं की विषय संपला, त्या वस्तूकडे परत कोणी बघायचं नाही. गोरक्षच्या वडिलांनी गोठ्याला तात्पुरतं दार म्हणून जुनी खाट आडवी लावली होती. त्या खाटेमागे म्हशींच्या तीन पिढ्या वाढल्या. गोरक्ष शिकला, डॉक्टर झाला, पण रक्त कुठे जातंय! पावडर आणि लिक्विड कालवायचं, मापाच्या साच्यात भरायचं, दातावर दाबायचं, कडा दोन-चार ठिकाणी घासायच्या, की झालं. कुठे कड हिरडीत रुतायची, कुठे दाताची रेघ उघडी राहायची. ‘‘आठ-दहा दिवसांचं तर काम आहे,’’ तो म्हणायचा.

मग या टेम्पररी कॅप पडायच्या. कोणाची चहात पडली, कोणाची मिसळीच्या रश्श्यात बुडाली, नोटांच्या प्रेसमधल्या एका साहेबांनी तर पावाबरोबर गिळूनच टाकली. गोरक्षचा फोनवरचा आवाज कायम शांत असायचा. ‘‘पडली का? काही हरकत नाही, घेऊन या, चिकटवून देतो.’’ लोक बिचारे कागदात गुंडाळून घेऊन यायचे. डॉक्टर गोड बोलतोय, पैसे जास्त घेत नाही, तर कोण भांडणार?

भांडणारी एकच होती, ती म्हणजे चिमाआत्या.

चिमणाबाई ही गोरक्षच्या वडिलांची थोरली बहीण. दिलेली देवळाली गावात. उंचीने कमी, पण आवाज असा की मांडवात माईक बंद पडला तरी पार्किंगमधल्या ड्रायव्हरला सुद्धा कळायचं, आता अक्षता पडणार. मंगलाष्टकं म्हणायला तिच्यासारखं कोणी नाही. पुस्तकातली नाही बरं का! नवरा-नवरीची नावं, मामा-मामींची नावं, कोण कुठल्या गावचं, सगळं गुंफून ती स्वतः रचायची. लिहीत काही नसे, भाकऱ्या थापता थापता जुळवायची. आणि शेवटचं ‘शुभमंगल सावधान’! त्यातला ‘सा’ ती इतका लांबवायची की बँडवाले वाजवायला उचललेल्या काठ्या धरून ताटकळायचे. गोतावळ्यात तारीख ठरवताना गुरुजींच्या आधी आत्याला विचारत.

तर ही आत्या किराणा दुकानात सुक्या खोबऱ्याची वाटी खवट आहे का ते बघायला गेली. म्हणजे चावून बघायला गेली. खोबरं चांगलं निघालं, वरचे पुढचे दोन दात गेले. मधोमध तडकले. गोरक्षने दोन्हींचं रूट कॅनाल केलं, दोन्ही दात घासले आणि बाहेर पेशंटची रांग लागली होती म्हणून पाव तासात दोन्हींची मिळून एक जोडकॅप चिकटवून टाकली.

‘‘आत्या, पुढच्या दातांनी काही तोडू नकोस. चिक्की नको, ऊस नको. हिरड्या निवल्या की पक्क्या कॅपचं माप घेऊ.’’

‘‘अन् गाऊ का रे?’’

‘‘गा की. गाण्याने काय होतंय!’’

काय होतंय ते त्याच आठवड्यात कळलं. शेजाऱ्यांच्या मुलाचं लग्न, लॉन्सवर ही गर्दी. आत्याने माईक हातात घेतला, अष्टकं झाली, शेवटचा ‘सा’ लागला. लांबला. आणि ‘व’वर ओठ टेकले न टेकले तोच माईकवर ‘टक्’ असा आवाज झाला आणि जोडकॅप उडाली. उडाली ती नेमकी कधी, तर सगळ्या मांडवाने अक्षता फेकल्या तेव्हा! पिवळ्या तांदळांत दोन पांढरे दात. बँड सुरू झाला, नवरा-नवरी हार घालायला पुढे झाली, आणि आत्या तोंडावर पदर धरून स्टेजवर वाकून वाकून शोधतेय. शेवटी ती सापडली नवरदेवाच्या फेट्याच्या चुणीत. नवरदेवाच्या आईचा चेहरा पडला. हा शकुन की अपशकुन, असं तिने गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, याबद्दल शास्त्रात काही दिलेलं नाही.

आता लग्न म्हटल्यावर व्हिडिओ आलाच. संध्याकाळपर्यंत तो देवळालीत फिरला, दुसऱ्या दिवशी इगतपुरीला पोचला. आत्याचा मुलगा नवनाथ तिथे रेल्वेत आहे. तर त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी त्याला तो स्लो मोशन करून दाखवला.

आत्या सकाळीच दवाखान्यात हजर. तोंडावर पदर, डोळे लाल.

‘‘गोरख्या, भाड्या, नाक कापलंस माझं!’’

‘‘आत्या, बस तर खरी. काही हरकत नाही, चिकटवून देतो.’’

‘‘तुझी हरकत नसंल. माझी हाय!’’

त्याने चिकटवली. दोन दिवसांनी ती चहात भिजवलेल्या बिस्किटाबरोबर निघाली. परत चिकटवली, तर वरण-भाताबरोबर निघाली. वरण-भात! याच्यापेक्षा मऊ या जगात काय आहे? मग आत्या आली ती ओरडली सुद्धा नाही. खुर्चीत बसली, तोंड उघडलं, आणि गोरक्षने दिवा जवळ ओढला. कॅपची कड जिथे रुतत होती तिथे हिरडी लालभडक सुजली होती. नुसतं कापसाने टिपलं तरी रक्त यायचं. अशा हिरडीत पक्क्या कॅपचं माप घेता येत नाही. महिनाभर तरी नाही.

आणि तीन आठवड्यांवर वैष्णवीचं लग्न होतं.

वैष्णवी ही नवनाथची मुलगी, आत्याची नात. इगतपुरीच्या पावसात लहानपणी पोरीचा श्वास लागायचा, म्हणून अडीच-तीन वर्षांची असताना आत्याने तिला उचलून देवळालीला आणली, ती आणलीच. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं आजीच्या घरून. जगभरच्या पोरींना आत्याने अष्टकं म्हणून सासरी पाठवलं होतं, ते सगळं जणू याच एका लग्नाची तयारी म्हणून.

‘‘मी नाय म्हणणार वैष्णूच्या लग्नात,’’ आत्या खुर्चीतूनच म्हणाली. ‘‘मोबाईलवर लावा कोणाचं तरी. पोरीच्या लग्नात लोक मला हसायला टपलेले असतील. तिला बघायचं सोडून माझे दात बघतील.’’

‘‘वैष्णवी काय म्हणते?’’

‘‘तिला काय इचारायचं? रडती नुसती. ती म्हणती, आज्जी, तू नाय म्हटलीस तर मी अंतरपाटामागं उभीच राहणार नाय.’’ आत्याने डोळ्यांना पदर लावला. ‘‘गोरख्या, तू मला एवढंच सांग. माझ्या तोंडात तू जे घातलंस ते तू तुझ्या बायकोच्या तोंडात घातलं असतंस का?’’

हे बोलणं गोरक्षला लागलं. त्याने बायकोला सुद्धा तसंच घातलं असतं, ते तर आणखीच वाईट. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. कॉलेजात शिकवलेलं सगळं त्याला येत होतं हो, न यायला काय झालं? फक्त ‘तात्पुरतं’ म्हणून त्याने ते कधी केलंच नव्हतं.

रविवारी दवाखाना बंद असतो. त्या दिवशी त्याने आत्याला बोलावलं. मदतनीस स्नेहालाही बोलावलं, ती कुरकुरत आली. जुनी जोडकॅप काढली, हिरड्या औषधाने धुतल्या आणि नव्याने सुरुवात केली. पावडर-लिक्विडचा गोळा साच्यात भरून दातांवर बसवला, पण या वेळी तो घड्याळाकडे बघत नुसता उभा राहिला नाही. गोळा रबरासारखा झाला की तो काढायचा, परत बसवायचा, परत काढायचा, म्हणजे दातांत अडकून बसत नाही. मग कडक झाल्यावर बघितलं, तर नेहमीसारखीच कडेला फट. का, तर ही वस्तू वाळताना आकसते. आजवर इथे तो सिमेंट भरून मोकळा व्हायचा. आज त्याने कॅप आतून कोरून पोकळ केली, त्यात ताजा पातळ गोळा भरला आणि परत दातांवर दाबून धरली. कडेने जास्तीचं बाहेर आलं, ते पेन्सिलने खूण करून घासलं. तरी एका कोपऱ्यात केसभर उणं. पुन्हा कोरलं, पुन्हा भरलं. स्नेहाने दोनदा जांभई दिली. आत्याच्या तोंडाला त्या लिक्विडचा वास बसला.

‘‘मेलं रॉकेल पाजतोस का काय मला?’’

‘‘तोंड उघडं ठेव आत्या.’’

‘‘उघडंच हाय. जन्मभर उघडंच हाय ते.’’

दुपारी ती एकदाची बसली. आरसा घेऊन बघितलं तर कड आणि दात कुठे संपतात ते कळेना. निळा कागद चाववून उंच लागणारी जागा घासली. ‘‘स’’ म्हण, ‘‘फ’’ म्हण, ‘‘व’’ म्हण. आत्याने पडल्या पडल्या सगळं स्वच्छ म्हटलं. गोरक्षला वाटलं, जिंकलो. मग आत्या खुर्चीतून उतरली, उभी राहिली, एक हात कानावर ठेवला, आणि ‘सा’ लावला तर शीळ! कुकरची शिटी बरी, अशी शीळ.

आता यात चूक कोणाची? गोरक्षचीच. तो सगळ्या पेशंटना झोपवून बोलायला लावायचा, आणि पडून अष्टकं कोण म्हणतं? उभं राहून मान वर केली की आत्याची जीभ दातांच्या मागे टेकायची, आणि तिथे कॅप जाड राहिली होती.

‘‘म्हण परत,’’ तो म्हणाला.

‘‘कसं म्हणू? समोर नवरा-नवरी नाय, अंतरपाट नाय. रिकाम्या खोलीत माझा आवाज निघत नाय.’’

इतक्यात दार ढकलून खंडेराव आले. प्रेसमधून रिटायर झालेले, गाल सुजलेला, दाढ ठणकत होती. रविवार असो की दिवाळी, दाढेला त्याचं काय. ‘‘उघडं दिसलं म्हणून आलो,’’ ते म्हणाले.

‘‘देवच पावला,’’ आत्या म्हणाली. ‘‘धरा हे.’’

आणि पेशंटच्या अंगावर टाकायच्या हिरव्या कापडाचं एक टोक तिने खंडेरावांच्या हातात दिलं, दुसरं स्नेहाच्या. अंतरपाटाच्या एका बाजूला दातांची खुर्ची, ती नवरी. दुसऱ्या बाजूला चूळ थुंकायचं बेसिन, तो नवरदेव. आत्याने दोघांकडे मायेने बघितलं आणि सुरू केलं. शेवटी ‘सा’ला परत शीळ वाजली. गोरक्षने कॅप काढली, मागून पातळ केली, परत बसवली. दुसऱ्यांदा शीळ कमी झाली, पण ‘व’ला खालचा ओठ अडखळला. टोकं जरा लांब होती. ती घासली. तिसऱ्यांदा खालच्या झेरॉक्सवाल्याची बायको जिना चढून आली, लग्न कोणाचं आहे विचारायला. तिलाही उभी केली.

आणि मग तो ‘सा’ आला. लांब, भरलेला, स्वच्छ. कुठे शीळ नाही, कुठे हलणं नाही. ‘सावधान’ संपलं आणि खंडेरावांनी सवयीने अंतरपाट खाली सोडला, बाजूच्या बरणीत हात घातला आणि कापसाचे बोळे मूठभर उचलून खुर्चीवर आणि बेसिनवर उधळले. झेरॉक्सवालीने टाळ्या वाजवल्या. गोरक्ष बोळ्यांत उभा राहून लहान पोरासारखा हसला. इतका आनंद त्याला पक्क्या कॅपने कधी झाला नव्हता.

‘‘डॉक्टर, माझी दाढ?’’ खंडेराव म्हणाले.

‘‘बसा ना, बसा!’’

आठवड्याने आत्या दाखवायला आली तेव्हा हिरडी गुलाबी, टिपली तर रक्ताचा थेंब नाही. पक्क्या कॅपचं माप मात्र हिरडी पुरती निवल्यावर, लग्नानंतरच. तिने भाकरीपासून कडबोळ्यापर्यंत सगळं खाऊन बघितलं होतं, नको सांगितलेलं आधी. कॅप जागची हलली नव्हती. तरी लग्नात म्हणणार का, यावर ती नुसतं ‘‘बघू’’ म्हणायची. एका माणसाचा विश्वास एकदा फेट्यात जाऊन पडला की तो असा पटकन परत बसत नाही. गोरक्ष रोज एकदा फोन करायचा. वैष्णवी रोज एकदा रडायची. नवनाथ म्हणायचा, स्पीकरवर लावायचं एक शोधून ठेवू का? मग आत्या त्याच्यावर खेकसायची. त्यावरून गोरक्षला जरा आशा वाटायची.

लग्नाच्या दिवशी मांडव तुडुंब भरला. आणि खरं सांगायचं तर अर्धी माणसं वैष्णवीसाठी आली होती, अर्धी आत्याच्या दातांसाठी. मोबाईल आधीच वर झालेले. गोरक्ष सूट घालून स्टेजच्या अगदी कडेला उभा. खिशात सिमेंटची ट्यूब, चिमटा, घडी केलेला रुमाल. बायको म्हणाली, ‘‘अहो, जरा मागे या, फोटोत तुम्हीच येताय.’’ पण त्याचे पाय हलेनात.

गुरुजींची अष्टकं संपली. सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्याने अंतरपाटाकडे बघितलं, त्यामागे मुंडावळ्या बांधून उभ्या नातीकडे बघितलं. मग पुढे होऊन नवनाथच्या हातातून माईक जवळजवळ हिसकावून घेतला.

पहिलं अष्टक झालं. दुसरं झालं. गोरक्षला एक शब्द ऐकू येत नव्हता. तो फक्त दात बघत होता. ‘स’ आला की त्याचा श्वास अडकायचा, गेला की सुटायचा. आत्याच्या प्रत्येक ‘व’बरोबर त्याचेच ओठ आवळले जात होते. मग शेवटचं अष्टक आलं.

‘‘जाते लाडकि वैष्णवी सजुनिया सासूरच्या अंगणी,
सोडूनी पदरास या, थरथरे आजीचिया पापणी...’’

आणि आवाज बंद. आत्याने एकदम पदर तोंडावर धरला आणि मान खाली घातली.

‘‘पडले!’’ मागून कोणीतरी ओरडलं.

झालं! सगळा मांडव वाकला. पुढच्या रांगेतले काका सतरंजी चाचपू लागले. करवल्या आपापले घागरे झटकू लागल्या. नवरदेवाने शहाणपणा करून आधी फेटाच काढून बघितला. कोणी मोबाईलचा टॉर्च लावला. गोरक्ष तर रुमाल पसरून आत्याच्या पायाशी गुडघ्यांवर बसला. मनात एकच, अरे देवा, आत्ता नको, आत्ता नको रे!

तेवढ्यात त्याच्या रुमालावर काहीतरी पडलं. पाणी होतं.

त्याने वर बघितलं. आत्या रडत होती. खांदे गदागदा हलत होते. तिने पदर बाजूला केला, नाक पुसलं आणि खाली वाकलेल्या त्या शेकडो पाठी बघितल्या.

‘‘दात हायेत जागेवर!’’ ती माईकमध्ये ओरडली. ‘‘मुडद्यांनो, माझी पोर चाललीय. मला रडू तरी द्याल का नाय?’’

एकेक जण गुडघे झटकत उठला. नवरदेवाने घाईने फेटा डोक्यावर बसवला, तो उलटाच बसला. अंतरपाटामागून वैष्णवीने ‘‘आज्जी’’ म्हणून हुंदका दिला. गुरुजी हळूच म्हणाले, मुहूर्त टळतोय.

‘‘टळत नाय,’’ आत्या म्हणाली. ‘‘पहिल्यापासून म्हणते.’’

तिने डोळे मिटले नाहीत, हात कानावर ठेवला नाही. नातीकडे बघत तिने तेच अष्टक पहिल्या ओळीपासून परत म्हटलं आणि मग ‘सा’ लावला. तो नेहमीसारखा भरलेला नव्हता. मध्येच फाटला, चिरकला, पुन्हा सांधला गेला, आणि तरी ती तो लांबवत राहिली, जणू तो संपला की पोर जाणार. गोरक्ष अजून गुडघ्यांवरच होता, ओला रुमाल हातात धरून. भोवती अक्षता पडत होत्या. त्याने आत्याच्या दातांकडे बघितलं नाही.